शेवटचा हात

कुलरचं गवत विकणारा आज गल्लीत आला. होळी झाली की दोन-चार दिवसांत तो येतोच. लाकडाचा पिंजलेला भुसा जाळीत भरून केलेल्या गाद्या त्या, पण आमच्या लातुरात त्यांना सरळ गवतच म्हणतात. हातगाडीवर त्या उभ्या रचलेल्या असतात आणि त्यांचा कोरडा वास गाडीच्या आधी दारात पोचतो. बायका खाली उतरतात, गवत दाबून बघतात, मागच्या सालचं कसं महिन्यात खाली बसलं ते त्याला ऐकवतात आणि शेवटी घेतातच. मीही घेतलं. तो म्हणाला, मागं एका साली तुम्ही सहा गाद्या नेल्या होत्या आणि घरात कुलर तर एकच. त्याचं ते कोडं अजून सुटलेलं नाही. सगळं सांगत बसले असते तर त्याची निम्मी गल्ली राहिली असती, म्हणून नुसती हसले आणि वर आले. पण डोक्यात तो उन्हाळा सुरू झाला तो झालाच.

त्या उन्हाळ्यात अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे आईवडील, आमच्याकडे होते. अप्पांनी उदगीरला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात उभा जन्म रंग मारला. कारखाना हे आपलं म्हणायला. खिडकी नसलेलं पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, एक स्प्रेगन आणि अप्पा. त्या हिवाळ्यात छातीच्या डॉक्टरांनी त्यांचा फोटो उजेडाला धरला आणि स्वच्छ सांगितलं, की आता गनला हात लावायचा नाही. त्या शेडमध्ये आणखी एक लग्नसराई काढलीत तर पुढचं आयुष्य ऑक्सिजनच्या नळीला बांधलेलं. मी दुसऱ्याच दिवशी टेम्पो करून दोघांना सामानासकट लातूरला आणलं. अप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले नसते.

आले आणि बसून राहिले. जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबायचे आणि दम लागला असं न म्हणता रेलिंगचा रंग निरखायचे. ब्रशनं मारलाय, असं पुटपुटायचे. तेवढ्यात छातीतली शिट्टी जरा कमी झालेली असायची, मग पुढच्या चार पायऱ्या. गल्लीतल्या एकूण एक गेटाला त्यांनी त्या महिन्यात नावं ठेवली. जेवण निम्म्यावर आलं. मला राग यायचा. आजारी माणसानं आजाऱ्यासारखं राहावं असं माझं मत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सांगितलेलं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं, मग समोर पोरगं असो की बाप.

अशात शिवानीचं लग्न ठरलं. शिवानी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. मुलगा मुखेडचा, लग्न वैशाखात. आणि आमच्या घरात मुलीच्या लग्नातलं कपाट अप्पांनीच रंगवायचं हे ठरलेलं. बहिणीचं त्यांनी रंगवलं, चुलत बहिणींची रंगवली, माझं रंगवलं. माझं निळं कपाट आजही माझ्या खोलीत आहे. घाई असली की मी आरशाशिवाय त्याच्याच दारात बघून केस विंचरते. अप्पांनी एका दुपारी ताटावरच जाहीर केलं, की शिवानीचं कपाट मी रंगवणार आणि ते शेवटचं. मी डॉक्टरांचं नाव काढलं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर हायती. पण दुसऱ्यानं रंगवलेलं कपाट मुखेडला जाणार न्हाई."

घरी जमत नसेल तर उदगीरची बस त्यांना ठाऊक होती, आणि शेड उघडून द्यायला मालक एका पायावर तयार होता. म्हणजे माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. अप्पांना त्या शेडात जाऊ द्यायचं, नाहीतर त्यांच्या छातीत रंग जाणार नाही अशी जागा घरातच करायची. मी दोन दिवस फणफणले आणि तिसऱ्या दिवशी टेप घेऊन खाली उतरले.

आमच्या घराखाली शटरची एक खोली आहे. नकाशात ती गॅरेज. गाडी आजवर आलेली नाही. माझी स्कूटी, ज्वारीची पोती आणि कुणी टाकू न दिलेलं सामान तिथं राहतं. पुढं शटर, मागं मोकळ्या प्लॉटकडं उघडणारं दार. मी वीस वर्षं फळ्यावर हवेचे बाण काढत आले आहे, जास्त दाबाकडून कमी दाबाकडं. मला वाटलं, ह्यात काय मोठंसं. पुढून स्वच्छ हवा घ्यायची, कपाटावरून न्यायची आणि मागून पंख्यानं बाहेर ओढायची. माणूस पुढच्या बाजूला उभा, रंगाचा धुरळा मागच्या दारानं बाहेर. शेतात फवारणी करणारे वाऱ्याला पाठ देऊन उभे राहतात, तेवढंच हे.

मदतीला गल्लीतला वायरमन गौतम. दिरांच्या शेतातून स्प्रिंकलरचे जुने पाईप आणले, त्यांची चौकट केली आणि सोयाबीनच्या ढिगावर टाकतात तसलं जाड प्लास्टिक तिच्यावर चढवलं. शटरपासून मागच्या दारापर्यंत आरपार बोगदा झाला, बाहेरून आतलं अंधुक दिसेल असा. मागच्या दाराच्या चौकटीत प्लायवूड ठोकला. त्यात पंख्याचं भोक मी वर आखलं, स्वयंपाकघरात असतं तसं. अप्पा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, थिनरची वाफ जड असते, ती जमिनीशी बसते, वरच्या पंख्याला ती कशी सापडायची? ही वाफ हवेपेक्षा जड असते हे मी पोरांना शिकवते. गुमान भोक खाली आखलं.

पंखा भंगारात टाकलेल्या एका कुलरचा. गौतमनं त्याची मोटर बघितली आणि मान हलवली. "मॅडम, मोटर आत ठिवू नका. थिनरची वाफ आन् ठिणगी एका खोलीत आली म्हंजे संपलं." त्यानं मोटर दाराबाहेर बसवली आणि पिठाच्या गिरणीला असतो तसा पट्टा लावून आतलं पातं फिरवलं. बटनं बाहेर, कॉम्प्रेसर बाहेर, दिवासुद्धा प्लास्टिकच्या बाहेरून. कोरं कपाट, कॉम्प्रेसर आणि गन उदगीरच्या मालकानं पाठवली. नवं म्हणून विकत आणलं ते फक्त एक चांगला मास्क आणि सहा गाद्या गवत. तीन गाद्या पंख्यापुढं, रंगाचा धुरळा अडवायला. तीन शटरपाशी. शटर गुडघाभर उघडं ठेवायचं आणि त्या फटीत लाकडी चौकटीत हे गवत उभं करायचं, म्हणजे हवा येईल पण गल्लीतली धूळ गवतात अडकेल. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी अप्पांना तो दारातून दिसायचा.

थिनरचा डबा घरात यायच्या आधी मी उदबत्ती पेटवून बोगद्यात उभी राहिले. पंखा सुरू झाला आणि सगळा धूर माझ्याच तोंडावर आला. पंखा हवा बाहेर ओढायच्या ऐवजी आत टाकत होता. गौतम ओशाळला. पण आमच्याकडं पंखा आणि गवत एकत्र दिसलं की हात आपोआप कुलरच बांधतात, त्यात त्याचा काय दोष! त्यानं पट्टा आठच्या आकड्यासारखा पिळून लावला आणि पंखा उलटा फिरायला लागला. आता धूर कमरेच्या उंचीवरून सरळ निघाला, खाली वळला आणि मागच्या दारानं गेला. अप्पा उठून आत आले, दोन्ही गालांवर वारा लागतोय का ते बघितलं. "हे शेडात असतं तर," म्हणाले आणि थांबले.

मास्कवरून मात्र भांडण झालं. अप्पांचं म्हणणं, ह्यात वासच येत नाही. थिनर किती पडलं, रंग पिकला का, हे सगळं त्यांचं नाक सांगायचं. नाक बांधलेला रंगारी म्हणजे डोळे बांधलेला ड्रायव्हर. मी खवळले. अप्पांच्या गळ्यात, लिंगायतांच्या असतं तसं, इष्टलिंग असायचं. रंग मारताना त्यावर थेंबही उडू नये म्हणून ते आधी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवीला गाठ मारायचे, मग सदऱ्याच्या आत ठेवायचे. स्वतःच्या नाकाला ओला रुमाल. मी म्हणाले, "देवाला जन्मभर पिशवी बांधलीत अप्पा, तो ज्या छातीवर बसतो तिला पण काहीतरी बांधा की." बोलून गेल्यावर मीच घाबरले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मास्क उचलला आणि त्याचे पट्टे उलटसुलट करून बघायला लागले.

अप्पा त्या उन्हाळ्यानंतर आणखी तीन उन्हाळे होते. ऑक्सिजनची नळी त्यांना लागली नाही, हे मी अजूनही लोकांना जरा ताठ मानेनं सांगते. कुणी विचारलं की तुमच्या त्या रंगखोलीचा काय फायदा झाला, तर एका कपाटासाठी एवढा उपद्व्याप असंच दिसतं. चौकट आम्ही नंतर सोडली, पाईप शेतात परत गेले, स्कूटी आपल्या जागी आली. मागच्या दाराच्या प्लायवूडमधलं भोक मात्र तसंच आहे. त्यातून दुपारी झळा येतात आणि मी दर वर्षी म्हणते, ह्याला पत्रा मारायला पाहिजे.

उन्हाळ्यातली कामं सगळी एकमेकांच्या पायात येतात. त्या साली गच्चीवर शेजारणींच्या कुरडया, म्हणून पहाटेचा वेळ त्यांचा. चीक वाळून गच्चीवरचं प्लास्टिक गोळा झालं की मग आमचा कॉम्प्रेसर. पंख्याचं तोंड प्लॉटकडं होतं तरी बायकांना खात्री नव्हती. एकीनं कुरडई तळून आणून दिली आणि थिनरचा वास येतो का बघा म्हणाली. आला नाही. त्यानंतर रोज कुणीतरी प्लास्टिकला नाक लावून आत बघून जायचं. अप्पा बघे आले की जरा जास्तच ऐटीत चालायचे.

रंगाच्या थराला आमच्याकडे हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. पहिल्या दिवशी अस्तर झालं. दुसऱ्या दिवशी घासून रंगाचा पहिला हात, मरून रंग, शिवानीनं निवडलेला. अप्पा एक बाजू मारायचे, बाहेर येऊन स्टुलावर बसायचे, मास्क काढून श्वास जमवायचे आणि पुन्हा आत. प्लास्टिकमधून त्यांची आकृती दिसायची. जिन्यात चार पायऱ्यांना थांबणारा माणूस आत कपाटाच्या वरून खाली, खालून वर असा हलायचा, आणि हलताना कुठंही अडखळायचा नाही. माझी चिडचिड त्या दोन दिवसांत कुठं गेली कोण जाणे. मी कामं सोडून बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी शेवटचा हात. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. अप्पा चारी बाजू मारून आले, मास्क काढला, बसले. थोड्या वेळानं आम्ही आत वाकून बघितलं तर कपाटावर पांढरट साय धरलेली. चकाकी पार मेलेली, मरून रंग दुधात बुडवल्यासारखा. अप्पा उभे राहिले. हे पावसाळ्यात होतं, ते म्हणाले. हवेत ओल असली की हा लवकर वाळणारा रंग ती धरतो आणि पांढरा पडतो. पण लातुरात, वैशाखाच्या तोंडावर, जिथं टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो, तिथं ओल कुठली? त्यांनी थिनर बघितलं, रंग बघितला, गन उघडून तिचं तोंड बघितलं. सगळं बरोबर होतं. मग स्वतःच्या उजव्या पंजाकडं बघत राहिले.

"गेला माझा हात," ते म्हणाले. "दम पुरंना, म्हणून कुठंतरी चुकलो."

चार महिने मी त्यांना हेच पटवत होते, की अप्पा तुमच्यानं आता होत नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटल्यावर मला ते ऐकवेना. डोळे भरून आले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी शटरकडं गेले. तिथं पायाला गार लागलं. फरशी ओली होती. आणि वास आला, दुपारी कुलर लावल्यावर येतो तो, भिजलेल्या गवताचा. शटरखालून बाहेर बघितलं तर सावलीच्या पट्ट्यात अव्वा कळशी घेऊन बसलेली. तांब्यानं गवतावर पाणी मारत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"गार वाटलं का त्यांना आत?" तिनं विचारलं.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणारं आमचं गाव. ते तिच्या अंघोळीचं पाणी होतं. आमच्याकडं उन्हात तळमळणाऱ्या माणसाच्या गवतावर पाणी मारणं ह्यापेक्षा मोठी माया नसते, आणि तिनं उदगीरच्या घरात वाळ्याच्या पडद्यावर जन्मभर हेच केलं होतं. हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी तिच्यावर ओरडले. तुला कुणी सांगितलं होतं, तीन दिवसांची मेहनत घालवलीस, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले. अव्वाच्या हातात तांब्या तसाच राहिला. ती एवढंच म्हणाली, की त्यांचा सदरा घामानं भिजला होता, ते कुणाला सांगत नाहीत. त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते. अव्वा आत्ता शेजारच्या खोलीत आहे, आणि मी तिची माफी अजून मागितलेली नाही.

अप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते शटरपाशी आले, वाकले, ओल्या गवताला हात लावून बघितला. "पाणी व्हय?" म्हणाले. "म्हंजे हात न्हाई गेला." आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसले, भिंतीला धरून उभे राहिले. अव्वाला काय झालं तेच कळेना. मग ते एकदम पूर्वीचे कारखान्यातले अप्पा झाले. गवत काढा, गच्चीवर उन्हात टाका, फरशी कोरडी पुसा, पंखा चालू राहू द्या. रंग पुन्हा मारायचा नाही, नुसतं थिनर हलकं फिरवायचं. अडकलेली ओल निघून जाते आणि खालचा रंग आपला आपण वर येतो. त्या उन्हात गवत तासाभरात कुरकुरीत झालं. चौकट पुन्हा बसवली.

अप्पा मास्क लावून आत गेले. समोरची दोन्ही दारं त्यांनी एका दमात घेतली. गन जिथून जायची तिथला पांढरा पडदा विरायचा आणि मागून मरून रंग उघडायचा, ओलाचिंब, खोल. मग उजवी बाजू. ती संपता संपता त्यांचा डावा हात चौकटीच्या पाईपवर गेला. पाईप धरून ते उभे राहिले, तसेच सावकाश बाहेर आले आणि स्टुलावर बसले. मास्क काढल्यावर छातीतली शिट्टी कॉम्प्रेसरच्या आवाजातही ऐकू येत होती. मागची बाजू आणि डावी बाजू राहिली होती. मी गन घ्यायला हात पुढं केला. तीन दिवस बघत होते, मला जमलं असतं. अप्पांनी गन दिली नाही. त्यांनी अव्वाला हाक मारली.

"पाणी तू मारलंस," ते म्हणाले. "आता तूच काढ."

अव्वानं त्यांचे रंगाचे कपडे जन्मभर रॉकेलनं धुतले होते. गनला तिचं बोटही कधी लागलं नव्हतं. मला कुठं येतंय, म्हणत ती पदराला हात पुसत राहिली. अप्पांनी मास्क स्वच्छ पुसला आणि स्वतः तिच्या तोंडावर बसवला, पट्टे आवळले, पदर खोचून घ्यायला लावला. दोनच गोष्टी सांगितल्या, गन वीतभर लांब धर आणि कुठं थांबू नको. मग ते प्लास्टिकच्या बाहेर उभे राहिले. ती आत जशी सरकेल तसे बाहेरून सरकत होते, तळहात प्लास्टिकला लावून, वर, खाली. अव्वानं गन दोन्ही हातांनी धरली होती. पहिल्यांदा पांढरं गेलं आणि रंग वर आला तेव्हा मास्कच्या आतून तिचा कसलासा आवाज आला. हसली की काय झालं, कळलं नाही. मागची बाजू तिनं हळूहळू सगळी घेतली.

ती डाव्या बाजूला वळली तेव्हा अप्पा बटनांपाशी गेले. मला जवळ बोलावलं.

"मुखेडला कुणी इचारलं, तर डॉक्टरनं बंद केलं म्हणू नको," ते म्हणाले. "मी बंद केलं म्हण."

आणि त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. खोली एकदम शांत झाली, नुसता मागचा पंखा आणि अप्पांचा श्वास. अव्वा थांबली, मास्कमधून बाहेर बघायला लागली. अप्पांनी प्लास्टिकवर बोटानं टकटक केलं आणि चालू दे म्हणून खूण केली. कॉम्प्रेसरच्या टाकीत अजून हवा भरलेली होती. राहिलेली बाजू अव्वानं त्या हवेवर पुरी केली.